कोण आलं गं?

"कोण आलं गं?"

हा प्रश्न आमची आई रोज संध्याकाळी सात ते नऊ या वेळात वीस-पंचवीस वेळा तरी विचारते. दारात कुणी आलेलं नसतं. टीव्हीवर आलेलं असतं. मी तिच्या शेजारी साडीला फॉल लावत बसलेली असते. सुईवरची नजर उचलून पडद्याकडे बघते आणि सांगते, "सून आलीय."

"मग बोलंना का?"

"नुसती बघालीय सासूकडं."

"आन् सासू?"

"तीपण बघालीय."

मागे धाडधाड संगीत वाजत राहतं. आई मान तिरकी करून बसते, कुणीतरी तोंड उघडेल म्हणून वाट बघत.

आईचं वय ७९. तिला काचबिंदू आहे. हा आजार कडेकडेनं नजर खात येतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. आधी बाजूचं दिसेनासं झालं, चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला. मग नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरलं. गेल्या दिवाळीपासून तेही गेलं. आता खिडकी कुठं आहे एवढं कळतं. जिनं पन्नास वर्षं दर आठवड्याला कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक बदलून आणलं, तिच्या हातात आता वेळ सोडून काही नाही. ते वाचनालय १८५० सालचं. आईला त्याचा अभिमान असा, की जणू तिच्याच पणजोबांनी काढलंय.

दीड महिन्यापूर्वी भाचीचा फोन आला. ती लीड्सला असते. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, इथं बीबीसीचं एक स्टेशन आहे, त्यावर नुसतं बोलतात. नाटकं, कादंबऱ्यांचं वाचन, जुन्या विनोदी मालिका, लेखक-चित्रकारांवरचे कार्यक्रम. मी भांडी घासताना तेच लावते." तिनं सांगितलं त्याप्रमाणे ते स्टेशन २००२ च्या डिसेंबरात 'बीबीसी सेव्हन' या नावानं सुरू झालं आणि २०११ पासून त्याला 'रेडिओ फोर एक्स्ट्रा' म्हणतात. पेटाऱ्यातलं जुनं काढून काढून लावतात. मला फार हेवा वाटला. जुनं बोलणं इतकं जपून ठेवायचं आणि रोज ऐकवायचं.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मुद्दाम रेडिओसाठी म्हणून लिहिलेलं पहिलं नाटक बीबीसीनं १५ जानेवारी १९२४ ला लावलं. रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाचं. ते घडतं कोळशाच्या खाणीत, आणि सुरुवातीलाच खाणीतले दिवे जातात. म्हणजे पात्रांना काही दिसत नाही आणि घरी बसून ऐकणाऱ्यालाही काही दिसत नाही. दोघं एकाच अंधारात. मी फोन ठेवून आईला हे सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हंजे सगळीच माझ्यासारखी."

तेव्हाच ठरवलं. एक रविवार टीव्ही बंद. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत फक्त बोललेलं ऐकायचं. इंग्रजी स्टेशनचा आईला उपयोग नाही, तेव्हा आपलं आपणच जुळवायचं. थोडी आकाशवाणी, थोडं फोनवर साठवलेलं, दुपारी मी वाचून दाखवणार, आणि रात्री बाबांच्या कॅसेटी.

कॅसेटींचं सांगते. बाबा शाहू मिलमध्ये होते. महाराजांनी १९०६ साली काढलेली ती मिल आणि तिचा भोंगा जुन्या कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आई भात टाकायची भोंग्यावर. बाबांना रेडिओवरच्या श्रुतिकांचा, म्हणजे नुसत्या ऐकायच्या नाटकांचा नाद. आमच्याकडे रेडिओ वेगळा आणि टेपरेकॉर्डर वेगळा. दोन्ही एकात असलेला सेट घ्यायची ऐपत नव्हती. मग बाबा काय करायचे, रेडिओच्या जाळीसमोर टेपरेकॉर्डर मांडायचे, दोन कळा एकदम दाबायचे आणि ओठावर बोट ठेवून आमच्याकडे बघायचे. अर्धा तास घरात कुणी शिंकायचं नाही. अशा बावीस कॅसेटी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात राहिल्या. बाबा गेले, डबा राहिला. भाच्यानं महिनाभर खपून त्यातल्या चौदा फोनमध्ये उतरवून दिल्या. बाकीच्यांची फीत चिकटलेली होती.

रविवारी सहा पंचावन्नला "इयं आकाशवाणी" झालं आणि आईचा चेहरा खुलला. संस्कृत तिला कळत नाही, पण त्यापाठोपाठ सात दहाच्या बातम्या येतात हे तिच्या अंगात भिनलेलं आहे. आमच्या कोल्हापूर केंद्राचं १०२.७ इतकं स्वच्छ लागतं, की निवेदकानं कागद उलटला तरी कळावं. आईला अजून त्याचं नवल. तिच्या लहानपणी पुणं लागायचं, तेही खरखर करत. १९६३ साली सांगली केंद्र सुरू झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा तिला आजही पाठ आहे. "सांगली लागलं आन् रेडिओत आपली मानसं बोलाय लागली," असं ती म्हणते.

या वाक्यात सगळं आलं. पुण्याहून येणारं मराठी आम्हाला कळत होतं, पण ते परक्या घरातलं वाटायचं. आमच्याकडं बाईसुद्धा "मी आलो, मी जेवलो" म्हणते. आईच्या तोंडी आजही तेच आहे. शाळेत त्यावरून बाई रागवायच्या. आणि मग एके दिवशी श्रुतिकेत एक बाई "मी जातो गा शेताकडं" म्हणाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका हसल्या नाहीत, गप्प होऊन ऐकत राहिल्या. हे आईनं मला कितीदा तरी सांगितलंय. पुण्याच्या केंद्रावरही ग्रामीण कार्यक्रम वर्षानुवर्षं व्यंकटेश माडगूळकरांनी सांभाळले आणि आमच्या पट्टण कोडोलीचे शंकर पाटील काही काळ तिथं होते. गावाकडचं बोलणं रेडिओत शिरलं ते अशा माणसांमुळे. मोठीच गोष्ट झाली ती, असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः एकदा श्रुतिकेत बोललेय. १९९२ साली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. आवाजाची चाचणी पास झाले आणि सांगलीला बोलावणं आलं. एसटीनं जयसिंगपूरवरून गेले. काम शेजारणीचं, वाक्यं तीन. मी नवी साडी नेसून, हातभर बांगड्या घालून गेले होते. जाड दार ढकलून स्टुडिओत शिरले आणि कानात दडे बसल्यासारखं झालं. इतकी शांतता मी तोवर ऐकलीच नव्हती. कागद सुटे दिलेले, टाचणी काढून, कारण पान उलटल्याचा आवाज माईक पकडतो. वाचून झालेला कागद अलगद खाली न्यायचा. पहिल्याच वाक्याला मी हात हलवला आणि काचेपलीकडून निर्मात्याचा आवाज आला, "बाई, बांगड्या." मी वीस बांगड्या एकेक करून काढल्या आणि रुमालात बांधल्या.

पण मला सगळ्यात आठवतं ते दार. स्टुडिओच्या कोपऱ्यात नुसतंच एक दार उभं होतं. मागं खोली नाही, पुढं अंगण नाही. लाकडी चौकट, तिच्यात फळी, फळीला कडी, कोयंडा, वरखालचे बोल्ट. शेजारी वाळूचा ट्रे, पावलांसाठी. एक माणूस सबंध वेळ हातात संहिता घेऊन त्या दाराशी उभा, आणि कुणी आलं-गेलं की कडी वाजवायचा. माझ्या वाक्याआधी त्यानं कडी काढली आणि मला खरंच वाटलं, मी कुणाच्या तरी घरात आलेय. मग निर्मात्यानं सांगितलं, "दोन पावलं मागे जाऊन बोल, म्हणजे तू उंबऱ्यात आहेस." पुढच्या वाक्याला एक पाऊल पुढे. शेवटच्या वाक्याला माईकच्या अगदी जवळ, हळू, कारण ते मनातलं होतं. तीन वाक्यांत मी उंबऱ्यातून स्वयंपाकघरात आणि तिथून स्वतःच्या मनात जाऊन आले, जागच्या जागी. टीव्हीवर बाई तीन वेळा तीन बाजूंनी दाखवतात आणि तरी ती कुठं उभी आहे ते माझ्या आईला कळत नाही. रेडिओत कुणी आत आलं तर आवाजानं सांगावंच लागतं, नाव घेऊन हाक मारावी लागते. ऐकणाऱ्याला वगळून पुढं जाताच येत नाही.

दुपारी मटण झालं. रविवारी कोल्हापुरात दुसरं काही शिजवलं तर शेजारी येऊन तब्येत विचारतात. कुकर लावला तेवढा वेळ सगळं बंद ठेवलं, शिट्टीत एखादं वाक्य जायला नको म्हणून.

जेवल्यावर मी वाचायला बसले. वि. स. खांडेकर निवडले, कारण आईला ते हवे होते. कोल्हापुरात राहिलेले, १९७४ चं ज्ञानपीठ मिळालेले भाऊसाहेब. आईला त्यांच्या पुस्तकांइतकंच एक माहीत आहे आणि ते ती घट्ट धरून आहे. शेवटच्या काळात त्यांचीही दृष्टी गेली होती, तरी ते सांगत राहिले आणि दुसऱ्यांनी लिहून घेतलं. मी वाचताना पहिल्या पानावर घाई करत होते. आई म्हणाली, "पळू नकोस. स्वल्पविराम खाऊ नकोस." तिला दिसत नाही, पण माझा गाळलेला स्वल्पविराम तिला ऐकू आला. तासाभरात माझा घसा बसला आणि रेडिओवरच्या वाचणाऱ्यांबद्दल मला आजवर वाटला नव्हता इतका आदर वाटला. अर्धा तास एका लयीत, श्वास न ऐकू देता वाचायचं म्हणजे खायचं काम नाही.

मग फोनवर चित्रकार आबालाल रहिमान यांच्यावरचं एक भाषण लावलं. चित्रावरचं बोलणं न दिसणाऱ्या माणसाला कसं ऐकवायचं, मी जरा बिचकलेच होते. आबालाल शाहू महाराजांच्या पदरी होते, मुंबईला जे. जे. मध्ये शिकून परत आले आणि कोल्हापूरच्याच पाण्याची, झाडांची चित्रं जलरंगात काढत राहिले. बोलणारा माणूस रंगांबद्दल फार कमी बोलला. पहाटे पाण्यावरचं धुकं कसं सुटतं, एवढंच सांगत होता. आई म्हणाली, "रंकाळ्यावर असंच असायचं. मी बघितलोय." तिच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला कधीच कळणार नाही, पण काहीतरी आलं.

संध्याकाळी गच्चीवर बसलो. आमचं घर मंगळवार पेठेत. तिथून खासबागेचा भाग जवळ. आई गच्चीवर आली की तोंड त्याच बाजूला करते. केशवराव भोसले नाट्यगृह तिथं आहे. महाराजांनी बांधलं तेव्हा पॅलेस थिएटर होतं ते. आई-बाबांनी लग्नानंतरचं पहिलं नाटक तिथं बघितलं. मीही पहिलं नाटक तिथंच, आईच्या मांडीवर बसून बघितलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गल्लीत आरडाओरडा झाला, मी गच्चीवर धावले. आई जिन्याचा कठडा धरत माझ्यामागं वर आली. तेव्हा तिला थोडं दिसत होतं, पण इतक्या लांबचं नाही. वास येत होता. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "सांग."

काय सांगू? मी म्हटलं, "लागलीय." ती म्हणाली, "असं न्हाई. नीट सांग. कुठनं लागलीय, कुठवर आलीय." मग मी सांगायला लागले. स्टेजच्या बाजूनं ज्वाळा आहेत. आता छपरावर आल्या. अग्निशमनचा बंब आलाय, दुसरा आला. पाण्याची धार उजवीकडून मारतायत. माणसं रस्त्यावर नुसती उभी आहेत, काही रडतायत. मधेच आतून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला, तो आम्ही दोघींनी एकदमच ऐकला. आईनं विचारलं, "छप्पर?" मी म्हटलं, "छप्पर." त्यानंतर तिनं काही विचारलं नाही, पण माझा दंडही सोडला नाही, आणि मी बोलत राहिले. किती वेळ, ते आठवत नाही. सकाळी माझा आवाज गेलेला होता.

त्या रात्रीपासून मला श्रुतिकांची ओढ लागली असं मी आता म्हणते. रंगमंच जळू शकतो हे आम्ही बघितलं. म्हणजे मी बघितलं आणि आईनं ऐकलं. नाट्यगृह पुन्हा उभं राहतंय, राहायलाच हवं, आणि पहिल्या नाटकाला मी आईला नेणार आहे. पण तिथं तिला पुन्हा माझ्या कानगोष्टींवर अवलंबून राहावं लागेल. श्रुतिकेत तिची जागा पहिल्या रांगेत असते.

रविवारी रात्री साडेनऊला बाबांची कॅसेट लावली. ही वेळही मुद्दामच. आकाशवाणीवर नाटकांचा राष्ट्रीय कार्यक्रम गुरुवारी याच वेळेला असायचा. एकच नाटक त्या रात्री देशभर वेगवेगळ्या भाषांत लागायचं. बाबांना ही कल्पना फार आवडायची. म्हणायचे, आत्ता मद्रासमध्येही कुणीतरी हेच ऐकतोय.

कॅसेटवर बाबांच्या अक्षरात 'श्रुतिका, ८५' एवढंच आहे. सुरुवातीची उद्घोषणा कापली गेलीय, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. कळा दाबायला बाबांना उशीर झाला असणार. गोष्ट साधी. गावाकडची म्हातारी, मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाची वाट बघते. पाऊस पडतोय. शेजारीण येते, जाते. म्हातारी तिच्याशी बोलते, कोंबड्यांशी बोलते, देवाशी भांडते. मुलाचं पत्र नाही. शेवटी पावसाचा आवाज वाढतो, कडी वाजते, म्हातारी म्हणते, "आलास?" आणि सनई.

मी ही कॅसेट लहानपणी दहा वेळा तरी ऐकली असेल. दर वेळी शेवटी मला हायसं वाटायचं. त्या रात्रीही वाटलं. दिवा मी आधीच मालवला होता, हातातली साडी बाजूला ठेवली होती. म्हटलं, "बरं झालं बाई, आला एकदाचा."

"कोण आला?" आई म्हणाली.

"तिचा मुलगा. कडी वाजली की."

"ती कडी नाटकातली न्हवं."

मला कळेना. आई म्हणाली, "परत लाव." लावलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि कडी वाजल्याबरोबर दाबला. "ऐकलीस? म्हातारी, पाऊस, सगळं डब्यातनं येतंय. कडी डब्याच्या बाहेरनं आलीय. आन् ती लाकडाची न्हाई, पत्र्यावर आपटलीय. आपल्या जुन्या घरची कडी हाय ती."

मी पुन्हा मागे घेतलं. आवाज वाढवला आणि फोन कानाला लावला. खरंच. पाऊस बारीक, खोक्यातून आल्यासारखा. म्हातारीचा आवाज रेडिओच्या जाळीमागून. आणि कडी एकदम जवळ, मोठी, पत्र्याचा कंप मागं ठेवून जाणारी. चाळीस वर्षं मी त्या म्हाताऱ्या बाईचा मुलगा घरी आणत होते.

"मग कोण आलं गं?" मी विचारलं.

"तू," आई म्हणाली. "शेजारी टीव्ही बघाय गेलेलीस. पुढं ऐक."

पुढं सनई आहे, म्हणून मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. सनईच्या खाली, अगदी बारीक, दोन चपला जमिनीवर टाकल्याचा आवाज येतो. एक, आणि जरा थांबून दुसरी. मग बाबांचं लांबलचक "श्श".